पहाटे येणारी सून

वॉर्डात खोकल्याची साथ शिरली. माग काढायला एक कोवळी डॉक्टरीण वही घेऊन आली. "आजी, आठवडाभरात तुमच्याजवळ कोण कोण बसलं?" शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं कान टवकारले. मी ठसक्यात म्हणाले, "सून येते की रोज. पहाटे, या बाया घोरत असतात तेव्हा." महिनाभर सगळ्यांना हेच ऐकवत होते. "मग बाहेरून साथ त्यांनीच आणली असेल," म्हणत ती लिहू लागली. भांडून वेगळी झाल्यापासून सुनेनं तोंडही दाखवलं नव्हतं. आता बिचारीवर फुकटचा आळ येणार होता. "खोड ते," मी म्हणाले. "माझ्याकडे कोणी येत नाही." शेजारची म्हातारी उठून बसली. डॉक्टरीण निघाली, तसा मी तिचा हात धरला. "सुनेचा नंबर पाठ आहे. फोन लाव. मी बोलावलंय म्हणू नकोस, दवाखान्यानं बोलावलंय म्हण."