रावेराची कड

"स्पेरोनेचा हात या गाडीला लागणार नाही," ओर्तेन्सिया रावेरा म्हणाली आणि उजव्या मडगार्डचे स्क्रू सोडवू लागली.

गल्लीपलीकडच्या कारखान्याचा म्हातारा मालक, देलिओ स्पेरोने, नेहमीसारखा दारात येऊन उभा होता. "हात कोण लावतोय? बघतोय फक्त. तुझ्या बापाची कड ट्रामला जाऊन भिडली म्हणे."

इटलीतल्या तोरिनोत गाड्यांवर पत्रा चढवणाऱ्या या दोन कारखान्यांवरून कॉफी थंड होईस्तोवर वाद चालत. सांगाडा तोच, इंजिन तेच. पण पत्रा रावेराकडे चढला, तर चाकांवर इस्त्री केल्यासारखी धारदार कडा. स्पेरोनेकडे चढला, तर सगळं गोल, बोट कुठे अडायचं नाही. दोन्ही गाड्या अशा देखण्या की बघतच राहावं. तिचे बाबा असेपर्यंत दोघे मालक मात्र एकमेकांचं तोंड बघत नसत.

ही रावेराची शेवटची गाडी. बाबांनी आजारपणात, खोकत खोकत, एकट्याने ती पुरी केली, असं आई सांगायची. ओर्तेन्सियाचा या गाडीवर फार जीव होता. पोचा ती स्वतःच काढणार होती.

मडगार्ड सुटला. तिने तो उलटा केला आणि ती थबकली. आतल्या हातोड्याच्या खुणा भलतीकडेच कललेल्या होत्या. तिने वाकून डाव्या मडगार्डच्या आत बॅटरी मारली. तिथल्या खुणा बाबांच्या, ओळखीच्या. बाहेरून दोन्ही कडांत केसाचाही फरक नव्हता.

"ही बाजू बाबांची नाही," ती म्हणाली. "कुणा डावखुऱ्याची आहे. आमच्याकडे तर डावखुरा कधीच नव्हता. पण काय कड काढलीय! हुबेहूब बाबांची."

देलिओ टोपी चुरगाळत उभा राहिला.

"तुझ्या बापाला तेव्हा उठवतही नव्हतं," तो म्हणाला. "आणि प्रदर्शन तोंडावर आलं होतं."

"एवढा कसबी माणूस. स्वतःची छाप सोडायचा मोह नाही झाला त्याला?"

"गाडी रावेराची होती, पोरी. तिथे दुसऱ्याने आपली कला कशाला दाखवायची?"

ओर्तेन्सियाने बाबांचा हातोडा उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

देलिओने टोपी खुंटीला अडकवली आणि हातोडा डाव्या हातात घेतला.