उशिरा हरायचंय

कार्डांच्या खेळाचा नवा, जास्त ताकदीच्या कार्डांचा संच बाजारात आला आणि लेकीनं दोन वर्षं जमवलेली कार्डं महिनाभरात कुचकामी ठरली. एरवी रविवारच्या स्पर्धेत ती संध्याकाळच्या अंतिम सामन्यापर्यंत टिकायची. आज सलग तिसऱ्यांदा पहिल्याच फेरीत बाहेर पडली. साडेदहाच वाजले होते.

फोन आला तशी मी नेहमीसारखी हॉलच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तिच्या बाबांनी तिला माझ्यापर्यंत आणून सोडलं. "नव्या कार्डांनी आमच्या चॅम्पियनची पार धूळधाण केली," म्हणत ओढूनताणून हसले, तिच्या केसांतून हात फिरवला आणि निघून गेले.

घरी येईपर्यंत ती मुसमुसत होती.

"अगं, हार-जीत चालायचीच. नवी कार्डं आणू या, मग बघ, येईल पहिला नंबर."

"मला नंबर नकोय गं आई. मला फक्त उशिरा हरायचंय."

घटस्फोटाच्या कागदावर 'दर रविवारी, मुलीची स्पर्धा संपेपर्यंत भेट' हे शब्द मीच हट्टानं घालून घेतले होते. तेव्हा तिची स्पर्धा दिवसभर चालायची.