हार्लनचं बॅलीहू

तीन वाजत आले तरी व्हेल्माचा पत्ता नव्हता. तिची दाढ ठणकत होती आणि ती दाताच्या डॉक्टरकडे जाऊन बसली होती. जत्रेच्या मॅनेजर स्टबिन्सनं हार्लनला सांगितलं, "तू सुरू कर. तिच्या जागी खानावळीतली कुणीतरी पाठवतो."

हार्लन तंबूबाहेरच्या फळ्यांवर चढला. ढोल वाजला. आत होतं काय, तर दोन डोक्यांचं वासरू, तेही पेंढा भरलेलं. पण बाहेर असा काही गाजावाजा करायचा, की माणसांनी तिकिटासाठी एकमेकांना ढकलावं. या आरडाओरड्याला जत्रेतले लोक बॅलीहू म्हणत, आणि अख्ख्या आयोवा राज्यात हार्लनसारखा बॅलीहूवाला नव्हता.

त्याचा हुकमी खेळ एकच. वासराची तारीफ करता करता तो मधेच अडखळायचा, गर्दीत कुठंतरी टक लावायचा आणि खिशातून लहान मुलीचा लाल बूट काढायचा. पोटच्या पोरीला टाकून गेलेला करंटा बाप मी, म्हणायचा. मग दुसरा बूट हातात घेऊन व्हेल्मा गर्दीतून यायची आणि 'बाबा' म्हणत गळ्यात पडायची. बायका रुमाल काढत. या आनंदात आज तिकीट निम्मं, असं हार्लन जाहीर करी, आणि डोळे पुसत पुसत लोक तंबूत शिरत.

बूट दुकानातले होते. पोर मात्र खरी होती. सोळा वर्षांपूर्वी याच गावात, चार वर्षांच्या नेलला झोपेत सोडून तो या फिरत्या जत्रेबरोबर निघून गेला होता. जत्रेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आपण त्याचाच धंदा मांडला याची त्याला लाज वाटे. रोज वाटे, आणि रोज चार वेळा तो तेच करी. गावात यायच्या आधी त्यानं नेलला पत्र टाकलं होतं: तिसऱ्या तंबूपाशी असतो, एकदा भेट. उत्तर आलं नव्हतं. तरी गर्दीत तिचे सोनेरी केस दिसले तर बूट काढायचाच नाही, एवढं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

त्यानं गर्दीवरून दोनदा नजर फिरवली. सोनेरी केसांच्या होत्या त्या शाळकरी पोरी. मग त्यानं बूट काढला.

बोलणं संपायच्या आतच गर्दी बाजूला झाली आणि तपकिरी केसांची एक तरुण मुलगी फळ्यांवर चढली. हातात बूट नव्हता. ती गळ्यातही पडली नाही. तिनं हार्लनचा अंगठा तेवढा मुठीत धरला आणि अशी रडली, की ढोलवाला ढोल वाजवायचं विसरला. तंबू गच्च भरला.

खानावळीतली नवी पोर असावी, असं समजून हार्लननं तिला तंबूमागे नेऊन लिंबू सरबत दिलं.

"झकास रडलीस, पोरी. पण बूट विसरलीस. आणि अंगठा काय धरतेस? गळ्यात पडायचं. मागच्यांना दिसायला नको?"

तिनं ग्लास दोन्ही हातांत धरला.

"पाचला पुन्हा आहे. तेव्हा चुकू नकोस."

"पुन्हा?"

"दिवसातून चार वेळा."

"आणि तुम्ही दर वेळी हेच बोलता?"

"शब्दन् शब्द."

तिनं ग्लास तसाच खाली ठेवला. "यातलं काही खरं आहे का?"

सोळा वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मग सवयीनं तो हसला.

"बॅलीहूत खरं काय असणार, बाई?"

ती मान हलवून गेली. खानावळीत बटाट्यांचा ढीग पडला असेल, असं त्याच्या मनात आलं. पाचच्या खेळासाठी त्यानं लाल बूट पुसून खिशात ठेवला.

तेवढ्यात खानावळीतली गर्टी धापा टाकत आली. तिच्या हातात दुसरा बूट होता.

"साहेबांनी मला पाठवलंय हो, पण बटाटे संपता संपेनात. सुरू केलंत का, काका?"

लहानपणचे सोनेरी केस वयाबरोबर तपकिरी होतात, हे हार्लनला आत्ता सुचलं. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. चार वर्षांच्या नेलच्या मुठीत त्याचा सबंध हात मावत नसे. रस्त्यानं चालताना ती त्याचा फक्त अंगठा धरायची.