कणगीतली बोरमाळ

साताऱ्याहून सुटलेल्या एसटीत पुढच्या सीटवरच्या आजींना लेकीचा फोन आला. गावोगाव घरफोड्या चालल्यात, तू कुलूप लावून निघालीस, पण बोरमाळ कुठं ठेवलीस, अशी तिची काळजी. आजींना ऐकू कमी, त्यामुळं त्या साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "ज्वारीच्या कणगीत, पार तळाला! चोराच्या बापाला घावायची न्हाई!" शेजारच्या पटकेवाल्या बाबांना राहवेना. "आवं आजी, चोर पयला हात कणगीतच घालत्यात. आमी शेणींच्या ढिगात ठेवतो." "आन् एखादी शेणी चुलीत गेली म्हंजे?" एक रिटायर सुभेदार गरजले. "मी फौजी बुटात ठेवतो. वासानंच चोर माघारी फिरतोय!" कंडक्टरनं तिकिटाचं मशिन थांबवून आपल्या घरचा धुण्याच्या पावडरीचा डबा जाहीर केला. ड्रायव्हर मागं न बघता ओरडला, "मी तर डबीत घालून पाण्याच्या टाकीत सोडलंय!" मग मीच कशाला मागं राहू? माळ्यावरच्या फुटक्या घंगाळाचं मीही सांगून टाकलं. तेवढ्यात शेवटच्या सीटवर इतका वेळ गप्प बसलेल्या एका माणसानं मायेनं विचारलं, "व्हय आजी, तुमचं गाव कुठलं म्हणायचं?" गाडी एकदम चिडीचूप झाली. रहिमतपूर आलं. कंडक्टर दार उघडून ओरडला, "रहिमतपूरवाले, उतरा की! निम्म्या गाडीनं हितलं तिकीट काढलंय!" आजी परक्या गावाकडं बघावं तसं खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी डोळे मिटून घोरायला लागलो. कुणीच उठेना.