आबांच्या बोटाला फोन दाद देईना

"परत लावतो," म्हणत दुकानदार वीरधवलनं स्वतःच्या फोनवरून आबांना रिंग दिली.

काउंटरवर आबांचा फोन थरथरला. हिरवं चिन्ह वर सरकवायचं, एवढंच. आबांनी बोट टेकवलं. चिन्ह जागचं हललं नाही. वाजून वाजून फोन गप्प झाला.

क्रांतीनं घड्याळ बघितलं. दीडच्या गाडीनं ती पुण्याला नोकरीवर रुजू व्हायला निघणार होती. मागं सांगलीच्या घरात आबा, तिचे वडील, एकटे. कालपर्यंत फोन धडधाकट होता, आज सकाळपासून हे. त्यांना तो उचलताच आला नाही, तर तिकडं बसून तिनं करायचं काय?

वीरधवलनं स्क्रीन पुसली.

रिंग. नाही.

वर चिकटवलेली जाड काच सोलून काढली. सेटिंगमध्ये जाऊन टच वाढवला.

रिंग. नाही.

त्याच्या बोटानं मात्र चिन्ह लोण्यावरनं सरकावं तसं सरकत होतं.

वय झालं की बोटं कोरडी पडतात, तो म्हणाला, त्यात हळदीत काम केलेलं असेल तर विचारूच नका. क्रांतीनं ओल्या रुमालानं आबांचं बोट पुसलं. सकाळी हातातनं कप निसटला होता, त्या चहाचा डाग अजून बाहीवर होता.

रिंग. नाही.

"आजोबा, डाव्या हातानं बघा."

डाव्यानं लगेच उचलला गेला. क्रांतीचा जीव भांड्यात पडला. "झालं तर मग. डाव्यानंच उचलत जावा, आबा."

आबांना ते झोंबलं. हळदीच्या सौद्यात तीस वर्षं त्यांनी टॉवेलाखाली व्यापाऱ्याचा हात धरून, नुसती बोटं दाबून भाव सांगितले होते. तोंडानं एक अक्षर नाही.

"ह्या उजव्या हातावर बाजार चालायचा," ते म्हणाले. नव्या कवळीमुळं शब्द जरा जड येत होते. "खोट फोनचीच हाय. क्रांते, हात दे."

डाव्या हातानं खांद्यावरचा टॉवेल ओढून त्यांनी दोघांच्या हातांवर टाकला. तिच्या लहानपणचा खेळ. आबा बोटं दाबायचे, ती भाव ओळखायची. कधी चुकली नव्हती.

टॉवेलाखाली तिनं त्यांचा उजवा हात धरला.

"सांग, किती?"

ती वाट बघत राहिली. "दाबा की, आबा."

आबा वीरधवलकडं बघून हसले. "इसरली बघा पोरगी. कवाधरनं पाची बोटं दाबून धरलीत म्या."