कानातला फाया
जालन्याच्या मोंढ्यात हुकमचंदशेठ तुपाची पारख नाकाने करत. त्या नाकाला तराजूइतका मान होता. नव्या मोटारीच्या पेट्रोलचा डबाही त्यांनी सवयीने हुंगला. डोकं हलकं झालं, आवडलं. कानात अत्तराऐवजी पेट्रोलचा फाया बसला. वर्षभरात हात थरथरू लागले, भोवळ येऊ लागली, करपलेलं वरणही ते मुकाट जेवू लागले. डॉक्टर म्हणाले, “याने मेंदू सडतो, अचानक काळीजच थांबेल.” शेठजी हसले, “मी पितो थोडाच? नुसता वास घेऊन राह्यलो.” पाडव्याला इचरजबाई ताट घेऊन नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या, पण काडी ओढेनात. “ओवाळू का पेटवू? आधी कान रिकामा करा, मंग निरांजन लावते.” शेठजींनी काडेपेटीकडे, मग बायकोकडे पाहिलं आणि फाया अंगणात भिरकावला. संक्रांतीला जेवताना त्यांनी नाक मुरडलं. “वरण करपलंय.” या वाक्यावरून जन्मभर भांडलेल्या इचरजबाईंनी देवापुढे साखर ठेवली.