तोंड पुसून

रेल्वेच्या डब्यावर देखरेखीला असलेल्या बाईने संडासाला कुलूप घातलं, तेव्हा झानिल दारापासून चार पावलांवर होती. अक्तोबे यायला चाळीस मिनिटं होती आणि मोठ्या स्टेशनाआधी संडास बंद, हा गाडीचा नियम. झानिलने गयावया केली. बाई म्हणाली, "कालपासून काय झोपा काढत होतीस?" आणि किल्ली खिशात टाकून चालती झाली.

झोपच तर तिने काढली नव्हती. शिमकेंतहून निघाल्यापासून चेहऱ्यावरचा मेकअप तिने उतरवला नव्हता, आणि आता त्यातला अर्धा उशीला लागला होता. डाव्या कानाखालून हनुवटीपर्यंत गेलेला कोडाचा पांढरा डाग लपायच्या ऐवजी उठूनच दिसत होता. असल्या ओघळलेल्या थरावर नवा थर बसत नाही. आधी सगळं पुसायचं, मग नव्याने लावायचं, हे भावजयीने चार वेळा बजावलं होतं. त्यासाठी वाइप्सचं पाकीटही तिनेच पर्समध्ये कोंबलं होतं. नणंदेवर केलेला तेवढाच खर्च.

बजावण्यासारखं कारणही होतं. अक्तोबेच्या ओराझबेकने झानिलला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं, तेही तीनदा आणि रंगवलेलं. माणूस चाळिशीचा, तेलाच्या कंपनीत चांगल्या नोकरीवर. लग्नाची घाई त्यालाच. मुल्लाकडून निका उरकून घेऊ, सरकारी नोंदणी मागाहून होईल, असं त्याचं म्हणणं. तिकीटही त्यानेच काढून पाठवलं. एकतीस वर्षांच्या मुलीच्या घरचे फार प्रश्न विचारत नाहीत. सोबत येणार होती ती भावजयही पोराच्या तापाचं निमित्त सांगून ऐनवेळी राहिली.

गाडी हलताना तिने खिडकीशी येऊन शेवटचं सांगितलं, "निका लागेपर्यंत डाग दिसता कामा नये. दिसला तर परत पाठवतील, आणि परत आलीस तर माझं दार वाजवू नकोस." भावजयीचे टोमणे झानिलच्या अंगवळणी पडले होते. हा टोमणा नव्हता, हे तिला कळलं होतं.

ती आपल्या जागेवर परतली. वरचे दोन्ही बाक रिकामे होते. समोरच्या बाकावर कुल्पाश भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पन्नाशीची, अंगाने भरलेली ही बाई आदल्या संध्याकाळी किझिलोर्दाला चढली आणि पाच मिनिटांत तिने झानिलला आपलंसं करून टाकलं. पिठाचे तळलेले गोळे, बाउर्साक, काढले, घोड्याच्या मांसाचे काप पुढे केले. चहा मात्र झानिलने ओतायचा. तिने पेला दोन्ही हातांनी दिला, तेव्हा कुल्पाश म्हणाली होती, "हात चांगला आहे तुझा." झानिल तिला ताते म्हणू लागली. शिमकेंतकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. डाग सोडून बाकी सगळं तिने या तातेला सांगून टाकलं होतं.

झानिल खिडकीकडे वळली आणि घाईने गाल पुसू लागली. पहिला वाइप विटकरी निघाला, दुसरा पिवळट, तिसरा जवळजवळ पांढरा. चौथा काढायला ती वळली, तर कुल्पाश उठून बसली होती आणि तिच्याकडेच बघत होती.

झानिलचा हात गालावर गेला. कुल्पाश सरकत जवळ आली, तो हात तिने बाजूला केला, पाकिटातला वाइप स्वतःच ओढला आणि म्हणाली, "कानामागे राहिलंय, पोरी." मग लहान मुलाचं तोंड पुसावं तसं तिने तिचं तोंड पुसलं. वर बोटातली चांदीची अंगठी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"हे कशाला, ताते?"

"नवरीचं तोंड पहिल्यांदा बघितलं की कोरिमदिक द्यावं लागतं. रिकाम्या हाताने बघत नाहीत."

डाग उठल्यापासूनच्या सोळा वर्षांत त्या गालाला दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. झानिल हुंदके देऊन रडली आणि उरलेलंही सांगून मोकळी झाली. भावजयीचं बोलणं, फोनवरची फसवाफसवी, सगळं.

"आज लपवशील, उद्या लपवशील," कुल्पाश म्हणाली. "एके दिवशी त्याला दिसेल आणि तो म्हणेल, फसवलं. उघड्या तोंडाने उतर."

"आणि त्याने परत पाठवलं तर?"

"मीही अक्तोबेलाच उतरणार आहे. मी असताना तुला कोण परत पाठवतो ते बघू."

डब्यावरची बाई कचऱ्याची पिशवी घेऊन आली. कुल्पाशने मळलेले वाइप्स त्यात टाकले आणि मागोमाग मेकअपचा बटवाही टाकला. झानिलने अडवलं नाही. तिला हलकं वाटत होतं, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच भीती वाटत नव्हती.

अक्तोबेच्या फलाटावर लख्ख ऊन होतं. माळावरचा गार वारा उघड्या गालाला झोंबत होता. ओराझबेक फुलं घेऊन उभा होता. झानिल मान ताठ ठेवून त्याच्यासमोर गेली. त्याची नजर तिच्या हनुवटीवर आली, तिथून कानापर्यंत गेली, आणि फुलं धरलेला हात हळूहळू खाली आला. झानिल म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

तो तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्या खांद्यावरून मागे बघत त्याने विचारलं, "जाऊन नीट बघून येते म्हणालीस. हे बघितलंस?"

"तोंड पुसून बघितलं," कुल्पाश पुढे येत म्हणाली आणि आपली जड पिशवी तिने झानिलच्या हातात दिली. "मागची धाकटी तुझ्या पसंतीची होती. ही माझ्या, तुझ्या थोरल्या बायकोच्या पसंतीची."